रतामाच्या झुडुपाखाली

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मी या मेळाव्यात कामाचा अहवाल घेऊन उभी राहते. वसतिगृहात किती मुले, किती पाड्यांत बालवाडी, किती जणांची सिकलसेल तपासणी, किती कुपोषित बाळांचे वजन वाढले, हे सगळे मी वाचते आणि आपण टाळ्या वाजवता. यंदाचा अहवाल छापील आहे आणि तो आपल्या हातात आहे, म्हणून मी तो वाचणार नाही. पाळकसाहेबांच्या परवानगीने आज मी एक साक्ष देणार आहे. ती थोडी लाजेची आहे. पण इतकी वर्षे आपण आमच्यावर विश्वास टाकून दान दिले आहे, तेव्हा ती ऐकण्याचा हक्क आपल्याला आहे.

तीन वर्षांपूर्वी आपल्या कामाला पुण्यात एक पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी पुष्कळांनी फोन करून अभिनंदन केले होते. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, वर्तमानपत्रात फोटो, सगळे झाले. वसतिगृहाची नवी इमारत त्याच वर्षी पुरी झाली. जीप आली. मी साताऱ्याकडची मुलगी, धर्मशिक्षणाची पदविका घेऊन सातपुड्यात आले तेव्हा आमची बालवाडी एका मोहाच्या झाडाखाली भरायची. पाऊस आला की मुले घरी. त्या झाडापासून त्या व्यासपीठापर्यंत देवाने आणले, असे मी भाषणात म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रात्रीच्या बसने मी परत निघाले. पहाटे वसतिगृहात पोहोचले, स्टीलच्या कपाटात शाल आणि स्मृतिचिन्ह ठेवले, कपाट लावले आणि खुर्चीवर बसून राहिले. आनंद झाला नव्हता. दुःखही नव्हते. आत काहीच नव्हते. वाटले, थकवा असेल, झोपल्यावर जाईल. तो गेला नाही.

पुढचे काही महिने बाहेरून पाहणाऱ्याला काही कळले नसते. सकाळची प्रार्थना मी चालवत होते, हजेरीवर सह्या करत होते, देणगीदारांना पत्रे लिहीत होते. शब्द सगळे ओळखीचे होते, तोंडातून आपोआप येत होते. पण प्रार्थना संपल्यावर मी काय मागितले ते मलाच आठवत नसे. रात्री झोप येत नसे आणि सकाळी उठवत नसे. मनात एकच प्रश्न येई: हे सगळे कशासाठी?

बंधूंनो, हा प्रश्न मला गरिबीत कधी पडला नव्हता. मोहाच्या झाडाखाली पडला नव्हता. हवे ते सगळे मिळाल्यावर पडला.

मग जानेवारी आला. तिमाही अहवालाचे काम सुरू झाले. अहवालात एक रकाना असतो, ‘गळती’. दिवाळीच्या सुट्टीनंतर किती मुले परत आली नाहीत ते त्यात लिहायचे. आपल्याला ठाऊक आहे, दिवाळी झाली की आमच्या भागातली अनेक कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत परतता येत नाही. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोणी नसते, म्हणून मोठ्या मुलीलाही बरोबर नेतात. त्या वर्षी सातवीतली एक मुलगी आली नव्हती. मी रकान्यात 1 लिहिला आणि पुढच्या ओळीवर गेले.

थोड्या वेळाने आमचा लेखनिक म्हणाला, “ताई, नाव सांगा, रजिस्टरला शेरा मारायचाय.” मला तिचे नाव आठवेना.

ती मुलगी तीन वर्षे आमच्या वसतिगृहात राहिली होती. तिच्या तापात मी रात्रभर तिच्या उशाशी बसले होते. ती वर्गात सर्वांत स्पष्ट वाचायची, नाताळाच्या कार्यक्रमात शास्त्रपाठ तीच वाचायची. आणि मला तिचे नाव रजिस्टर उघडून पाहावे लागले. अहवालात तो आकडा अगदी बरोबर होता. आपल्याला पाठवलेल्या त्या तिमाहीच्या पत्रकात तो छापलाही गेला. चुकले होते ते माझ्या आत.

त्या दिवशी मी जेवले नाही. खोलीत दार लावून पडून राहिले. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशी दार ढकलून आत आल्या. मावशी भिल्ल समाजाच्या, शाळा कधी पाहिलेली नाही. हातात ताट: चुलीवरची ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, लाल मिरचीचा ठेचा आणि तांब्याभर पाणी. मी म्हणाले, “मावशी, भूक नाही.” त्या म्हणाल्या, “भूक नसू दे. तू आधी जेव.” आणि मी जेवेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिल्या. काय झाले, का झाले, काही विचारले नाही.

जेवताना मला एलीया आठवला.

1 राजे, अध्याय 18 आणि 19. आपण सर्वांनी संडे स्कूलमध्ये ऐकलेली गोष्ट आहे. कर्मेल डोंगरावर एलीयाने एकट्याने बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांना तोंड दिले, आकाशातून अग्नी उतरला, सगळे लोक पालथे पडले. मग पाऊस आला. त्याच्या सेवेतला याहून मोठा दिवस दुसरा नाही. आणि लगेच पुढच्या अध्यायात हाच माणूस ईजबेलच्या एका निरोपाने पळत सुटतो. बैर-शेबा येथे चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची मजल रानात एकटा जातो, रतामाच्या झुडुपाखाली बसतो आणि मरण मागतो. आपण आपल्या पूर्वजांपेक्षा बरे नाही, असे म्हणतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी या उताऱ्याचा अभ्यास केला होता. पण एक गोष्ट मला तेव्हा दिसली नव्हती. एवढा मोठा संदेष्टा मरण मागतो आहे, आणि देव त्याला रागावत नाही. तुझा विश्वास कुठे गेला, असे विचारत नाही. कर्मेलची आठवणही करून देत नाही. देव त्याला झोपू देतो. मग देवदूत येतो, त्याला स्पर्श करून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला घालतो आणि सांगतो की पुढचा प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे.

होरेबाची गुहा, वारा, भूकंप, अग्नी आणि ती मंद वाणी, हे सगळे नंतर. आधी झोप, आधी भाकर.

म्हणून मंडळींतल्या सर्वांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरात, शेजारी, मंडळीत कोणी असे रतामाच्या झुडुपाखाली बसलेले असेल, तर त्याला लगेच उपदेश करू नका. ‘प्रार्थना कमी पडते’ असे म्हणू नका. आधी ताट घेऊन जा. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. भारत सरकारची टेलीमानस ही मोफत सेवा आहे, 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतही बोलता येते. मी स्वतः डॉक्टरांकडे गेले, काही महिने औषध घेतले. यात अविश्वास नाही. देवाने एलीयाकडे देवदूत पाठवला, माझ्याकडे मावशी पाठवल्या आणि डॉक्टरही पाठवले.

पण भाकर खाऊन एलीयाचा प्रश्न सुटला नाही आणि माझाही सुटला नाही. होरेबावर देव त्याला एक प्रश्न विचारतो, आणि तो दोनदा विचारतो: एलीया, तू येथे काय करतोस? एलीया दोन्ही वेळा तेच उत्तर देतो. मी फार आवेशाने सेवा केली, आणि आता मी एकटाच उरलो आहे. त्याच्या हिशेबात एक माणूस उरला होता. देवाच्या हिशेबात बआलापुढे गुडघा न टेकलेले 7000 होते. संदेष्ट्याचाही हिशेब चुकतो.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंची साक्ष पुन्हा वाचली. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत मी रमाबाईंवर लांबलचक उत्तर लिहिले होते. 1858 साली जन्म, 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून केलेला गौरव, 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा, 1887 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांविषयीचे पुस्तक, 1889 साली मुंबईत सुरू केलेले शारदा सदन. सगळी सनावळी पाठ होती. गुणही चांगले मिळाले.

या वेळी मी सनावळी सोडून वाचले. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या त्या साक्षीत बाई स्वतःविषयी फार स्पष्ट लिहितात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त अजून सापडलेला नाही. हे कधी, याचा विचार करा. तेव्हा दोन खंडांत त्यांचे नाव झाले होते. त्यांच्या कामासाठी बोस्टनमध्ये मंडळ स्थापन झाले होते. शारदा सदन चालू होते, विधवा मुली शिकत होत्या. बाहेरून पाहणाऱ्याने म्हटले असते, बाईंना आणखी काय हवे?

त्यांनी ते झाकले नाही. आपले नाव आहे, देणगीदार आहेत, आता असे कसे सांगायचे, असा विचार केला नाही. आत काय नाही ते त्यांनी कबूल केले, आणि जे मिळायचे होते ते त्यांना कृपा म्हणून मिळाले. त्यानंतरच्या रमाबाई पाहा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तीचे काम त्यातून उभे राहिले. दुष्काळात त्यांनी स्वतःचे आईवडील गमावले होते. भूक त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती. पुढे त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. 1921 साली मुलगी मनोरमा गेली, तरी त्यांनी ते काम सोडले नाही. 1922 साली त्या प्रभूकडे गेल्या आणि संपूर्ण शास्त्र त्यांच्यामागून छापून निघाले. म्हणजे छापून झालेले ते पुस्तक त्यांनी पाहिलेही नाही. टाळ्यांची गरज संपली की माणूस असे काम करू शकतो.

मला वाटले, माझे उलट झाले आहे. मोहाच्या झाडाखाली मी प्रभूच्या मागे चालत होते. इमारत झाली तेव्हा मी प्रभूच्या कामाच्या मागे चालत होते. आणि पुरस्कारानंतर मी त्या कामाविषयी लोक काय म्हणतात त्याच्या मागे चालत होते. प्रत्येक पाऊल लहान होते, म्हणून कळले नाही.

फेब्रुवारीत मावशी म्हणाल्या, “ताई, आमच्या पाड्यावर लाहा आहे, चल.” लाहा म्हणजे काय ते आपल्यापैकी काहींना माहीत नसेल. सातपुड्यातल्या आदिवासी समाजात कोणाचे घर बांधायचे असले किंवा शेतातले मोठे काम असले, तर पाड्यावरचे लोक जमतात आणि मिळून ते करतात. मजुरी नसते. ज्याचे काम, तो सर्वांना जेवू घालतो. उद्या दुसऱ्याच्या घरी तो जातो.

मी गेले. पुरुष सागाचे खांब रोवत होते, काही जण बांबू चिरून कूड विणत होते, बायका मातीत शेण कालवून कूड सारवत होत्या. मला एका बाईने मातीची पाटी दिली. दिवसभर मी पाट्या वाहिल्या. तिथे माझे भाषण नव्हते, सत्कार नव्हता, फोटो नव्हता. एका लहान मुलाने विचारले, “ही कोण?” मावशी म्हणाल्या, “माती आणायला आली आहे.” गेल्या कित्येक महिन्यांत माझी इतकी बरोबर ओळख कोणी करून दिली नव्हती.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मी एका आजोबांना विचारले, “बाबा, कोण किती दिवस आले, कोण आले नाही, याचा हिशेब कसा ठेवता?” ते हसले. म्हणाले, “हिशेब ठेवला तर मजुरी झाली. लाहा कसा होईल?”

त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पुढच्या आठवड्यात मी आणि माझे पती नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसलो आणि नवापूर, व्यारा करत बारडोलीला उतरलो. तिथून दोन दिवस ऊसतोडीचे पडाव शोधत फिरलो. उसाच्या फडाच्या कडेला प्लास्टिक आणि पाचटाच्या खोपट्या. तिसऱ्या पडावावर ती मुलगी दिसली. कडेवर धाकटा भाऊ, चुलीवर मोठे पातेले. मी तिला नावाने हाक मारली. ती बघतच राहिली. मग म्हणाली, “ताई, तुम्ही इथे काय करता?”

बंधूंनो आणि भगिनींनो, होरेबावरचा प्रश्न मला उसाच्या फडात ऐकू आला. आणि एलीयासारखे ठरलेले उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी म्हणाले, “तुला भेटायला आले.” ती हसली आणि तिने मला बसायला गोणपाट टाकले.

येथे मी एखादी सुंदर गोष्ट सांगावी अशी आपली अपेक्षा असेल. ती मुलगी माझ्याबरोबर परत आली नाही. उचल फिटलेली नव्हती आणि बाळाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. जूनमध्येही ती आली नाही. आता तिचे लग्न झाले आहे. आम्ही तिला गमावले, आणि त्यात माझा वाटा आहे. दिवाळीआधीच तिच्या घरी गेले असते तर कदाचित काही झाले असते. हे ओझे मी प्रभूपुढे ठेवले आहे, त्याने क्षमा केली आहे, पण मी ते विसरणार नाही. पुढच्या वर्षी दिवाळीआधी तिची आई आपणहून आली आणि धाकट्या मुलीला वसतिगृहात ठेवून गेली. म्हणाली, “तुम्ही तिकडे आला होतात.” एवढेच म्हणाली.

उपदेशकाच्या दुसऱ्या अध्यायात शलमोनाने काय काय केले त्याची यादी आहे. घरे बांधली, द्राक्षमळे लावले, तळी खोदली, सोने-रुपे साठवले, गाणारे आणि गाणाऱ्या ठेवल्या. आणि शेवटी सगळे व्यर्थ. मूळ इब्री शब्दाचा अर्थ वाफ, श्वास असा आहे. हाती धरू गेले की निसटते ते. त्या यादीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी तो म्हणतो की हे मी माझ्यासाठी केले. माझी यादी वाचली तर तिच्यात वसतिगृह, बालवाड्या आणि दवाखाना दिसतो. सगळे दुसऱ्यांसाठी. पण देवाने ती यादी उघडली तेव्हा तिच्यातही ‘माझ्यासाठी’ हा शब्द पुष्कळ ठिकाणी निघाला. सेवा करणाऱ्या माणसाला ही फसवणूक ओळखणे फार कठीण जाते.

आता आमच्याकडे काही गोष्टी बदलल्या आहेत. दर सोमवारी सकाळी प्रार्थनेत आम्ही रजिस्टर घेऊन मुलांची नावे वाचतो. सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वेळ लागतो. दसऱ्यानंतर आम्ही ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना भेटी देतो आणि बाळांचे काय करता येईल ते आधी बोलतो. आणि मी महिन्यातून एक दिवस कोणत्या तरी पाड्यावर अशा कामाला जाते, जे अहवालात लिहिता येत नाही. अहवाल आम्ही लिहू, तो आपला हक्क आहे, पैशाचा हिशेब पै न पै देऊ. पण माझ्या जीवाचा हिशेब त्या कागदावर मांडण्याचे मी सोडले आहे.

आपल्यापैकी काहींनी मागे मला बाजूला घेऊन आपल्या मनातले सांगितले आहे. कोणी बँकेतून चांगल्या पदावरून निवृत्त झाले, कोणाची मुले परदेशात उत्तम आहेत, घर मोठे आहे, आणि संध्याकाळ झाली की घर खायला उठते. तेव्हा मी ‘प्रार्थना करू’ म्हणून पुढे गेले होते. त्याबद्दल मी आज आपली क्षमा मागते. मला त्या वेळी थांबायला हवे होते.

आज एवढेच सांगते. आपल्या आत रिकामे वाटत असेल तर घाबरू नका आणि झाकू नका. तो रिकामेपणा म्हणजे देव सोडून गेल्याची खूण आहे असे समजू नका. एलीयाजवळ देवदूत आला तो कर्मेलवर नाही, त्या झुडुपाखाली. आधी जेवा, झोपा, एका माणसाला खरे सांगा. मग देव विचारील, तू येथे काय करतोस? त्याचे उत्तर पाठ करून ठेवू नका. आणि लक्षात ठेवा, एलीयाला देवाने त्या डोंगरावर मोठा पुरस्कार दिला नाही. त्याला परत जायला वाट दिली, करायला काम दिले आणि सोबतीला अलीशा दिला.

आमच्याकडे पुढच्या महिन्यात एका विधवेचे घर उभे करायचे आहे. लाहा आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे. चेक बरोबर आणला नाही तरी चालेल. मातीच्या पाट्या उचलायला माणसे हवी आहेत. जेवण मावशी करतील.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.